देशाचार, अनेकान्त आणि पंढरीचा दरवाजा : सापेक्षतावादाची परीक्षा

सत्य काय आणि योग्य काय, याचा निवाडा ज्या-त्या समाजाच्या, काळाच्या किंवा व्यक्तीच्या मापानेच होतो आणि त्यापलीकडे सर्वांना लागू पडेल असे मापच नसते, या मताला सापेक्षतावाद म्हणतात. मत एक दिसले तरी त्यात तीन निराळे दावे मिसळलेले असतात. समाजासमाजांचे आचारविचार भिन्न असतात, हा पहिला. तो निरीक्षणाचा आहे आणि त्याच्याशी फारसे कोणी भांडत नाही. या भिन्नतेच्या मुळाशी कोणतेही सामाईक सत्य नाही, हा दुसरा, तो तत्त्वज्ञानाचा. म्हणून एका समाजाने दुसऱ्याच्या रीतीला नावे ठेवू नयेत, हा तिसरा, तो नीतीचा. पहिल्यातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा आपोआप निघतो अशी समजूत असते. वादातले बहुतेक घोळ या दोन उड्यांमध्येच होतात.

पहिल्या दाव्याला पुरावा शोधायला सोलापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे या शहरात एकाच पेठेत नांदतात. मराठी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पुष्कळ जातींत मानला जातो, पण आत्याच्या मुलीशी लग्न तितकेसे पसंत नसते. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या अनेक जातींत मामाने सख्ख्या भाचीशी लग्न करणे रीतीला धरून असते. उत्तर हिंदुस्थानातल्या बहुतेक हिंदू जातींना हे सगळेच संबंध बहीणभावाच्या लग्नाइतके निषिद्ध वाटतात. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या सांध्यावर ठेवले, ते याच कारणाने.

हा सांधा जुना आहे. बौधायन धर्मसूत्राच्या आरंभीच दक्षिणेकडचे पाच आणि उत्तरेकडचे पाच वादग्रस्त आचार दिले आहेत. दक्षिणेच्या यादीत मामेबहिणीशी आणि आतेबहिणीशी विवाह, शिळे अन्न खाणे, बायकोबरोबर जेवणे असे प्रकार येतात. उत्तरेच्या यादीत लोकरीची विक्री, मद्यपान, शस्त्रांवर उपजीविका, समुद्रप्रवास वगैरे. त्यापुढे एक मत मांडलेले आहे : जो आचार ज्या प्रदेशातला, तो तिथे निर्दोष, दुसरीकडे केला तर दोष, कारण या बाबतीत प्रदेश हेच प्रमाण. सापेक्षतावादाची इतकी नेटकी मांडणी जगात फार थोड्या जुन्या ग्रंथांत सापडेल. गंमत अशी की लगेच पुढे गौतमाचा विरोध नोंदवला आहे. त्याच्या मते हे सारे खोटे, आणि शिष्टांच्या स्मृतीशी विसंगत असलेले दोन्हीकडचे आचार सोडून द्यावेत. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच परंपरेतले. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे, आणि मातुलकन्येशी विवाहाच्या बाजूने व विरुद्ध निबंधकारांनी शतकानुशतके किती शाई खर्च केली ते त्यातून दिसते.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या वादावर काढलेला तोडगा तत्त्वज्ञांनी मुद्दाम पाहावा असा आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 5 नुसार निषिद्ध नात्यातले लग्न ग्राह्य नाही. मात्र दोन्ही पक्षांना लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर आहे. म्हणजे इथे बौधायनाने नोंदवलेला प्रदेशाचा पक्ष मान्य झाला. त्याच कलमात एकपत्नीत्वाची आणि किमान वयाची अटही आहे. तिथे रूढीला असा अपवाद ठेवलेला नाही. कुठल्याही जातीने आपल्याकडे दोन बायकांची चाल आहे म्हणून सांगितले तरी ऐकले जात नाही. इथे गौतमाचा पक्ष. एका बाबतीत प्रथा हे माप आणि दुसरीत ती मापली जाणारी वस्तू, असा हा व्यवहारी भेद आहे. हा भेद कोणत्या मापाने केला, हे मात्र प्रथेवरून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रथेवर अवलंबून नाही. मामा आणि भाची यांच्यात सरासरी एक चतुर्थांश जनुके समान असतात, मामे-आते भावंडांत एक अष्टमांश. आणि अप्रभावी जनुकांमुळे होणाऱ्या आनुवंशिक रोगांचा धोका त्या प्रमाणात वाढतो. लग्न योग्य की अयोग्य हे प्रदेशागणिक बदलेल, हे प्रमाण बदलत नाही. मूल्यांबाबत सापेक्षतावादी असलेला माणूस सत्याबाबत तसा असेलच असे नाही, आणि बहुसंख्य नसतातही.

सत्यासंबंधीचा सापेक्षतावाद पाश्चात्त्य परंपरेत इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या प्रोटॅगोरसच्या नावावर आहे. माणूस हेच सर्व गोष्टींचे माप, असे त्याचे मत. ज्याला वारा थंड वाटतो त्याच्यासाठी तो थंड, ज्याला वाटत नाही त्याच्यासाठी नाही. चवीसारख्या गोष्टींत हे पटण्यासारखे आहे. सोलापूरची शेंगाचटणी एकाला झणझणीत आणि दुसऱ्याला बेताची लागली, तर दोघांपैकी एक चुकला असे म्हणण्याची गरज पडत नाही. जॉन मॅकफार्लेन यांच्यासारखे आजचे तत्त्वज्ञ सापेक्ष सत्याची काटेकोर तर्कव्यवस्था उभारतात तेव्हा चवीची विधाने हेच त्यांचे आवडते उदाहरण असते. प्रश्न उरतो तो असा की सगळेच सत्य शेंगाचटणीसारखे आहे काय.

प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात प्रोटॅगोरसवर टाकलेला पेच अडीच हजार वर्षे टिकून आहे. प्रत्येकाला जे वाटते ते त्याच्यासाठी खरे असेल, तर ‘प्रोटॅगोरस चुकतो’ हे बहुतेकांना वाटते, तेही खरे मानावे लागेल. आपले मत सर्वांसाठी खरे आहे असे सापेक्षतावादी म्हणाला तर तो वदतोव्याघात होतो. केवळ माझ्यापुरते खरे आहे म्हणाला तर ऐकणाऱ्याने ते मानावे असे काही कारण उरत नाही. या पेचाचे दुसरे शिंग जरा बोथट आहे, हे कबूल करावे लागते. ‘माझ्यापुरते’ म्हणणारा खोटा ठरत नाही, तो फक्त वादाच्या बाहेर जातो.

हाच पेच भारतात शंकराचार्यांनी जैनांच्या अनेकान्तवादावर टाकला. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादाचे 33वे सूत्र जैन मताच्या खंडनासाठी आहे. त्यावरील भाष्यात त्यांचे म्हणणे असे की एकाच वस्तूत ‘आहे’ आणि ‘नाही’ हे विरुद्ध धर्म एका वेळी संभवत नाहीत. आणि सर्वच अनिश्चित असेल तर जैनांचा सिद्धान्त, त्यांची प्रमाणे आणि त्यांचा मोक्षही अनिश्चित ठरतो, मग शिष्याने प्रवृत्त व्हावे कशात? रोख तोच, प्लेटोचा.

पण जैनांचा अनेकान्तवाद खरोखर सापेक्षतावाद आहे का, हे तपासायला लागणारे साहित्य विसाव्या शतकात ज्या ठिकाणांहून उपलब्ध झाले, त्यांतले एक सोलापूर आहे. इथले व्यापारी ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ तीर्थावर विद्वानांना जमवून विचारविनिमय केला, जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली आणि 30,000 रुपये जाहीर केले. 1944 मध्ये आपली सुमारे 2 लाखांची सगळी मालमत्ता विश्वस्त निधी म्हणून संघाला देऊन टाकली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादन आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन या दोन मान्यवर प्राकृत पंडितांनी पाहिले. मालेचा पहिला ग्रंथ 1943 मध्ये निघाला तो यतिवृषभाचा ‘तिलोयपण्णत्ती’. पुढे भावसेन त्रैविद्याचा ‘विश्वतत्त्वप्रकाश’ हा इतर दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथही याच मालेत विद्याधर जोहरापूरकरांनी संपादून प्रसिद्ध केला.

पहिल्याच ग्रंथाची निवड बोलकी आहे. ‘तिलोयपण्णत्ती’त तिन्ही लोकांची लांबी-रुंदी, द्वीपसमुद्रांचे व्यास, नरकांची खोली, सारे आकड्यांनिशी दिले आहे. विश्वाचे असे मोजमाप सांगणारी परंपरा ‘ज्याचे सत्य त्याच्यापाशी’ असे म्हणत असेल, हे जरा अवघडच वाटते. ती तसे म्हणतही नाही. जैनांच्या मते प्रत्येक वस्तूत अनंत धर्म असतात आणि ते खरोखर असतात, पाहणाऱ्याच्या मनात नव्हे. साधा माणूस एका वेळी एका बाजूने पाहतो. त्या बाजूला ‘नय’ म्हणतात. केवलज्ञान्याला सगळ्या बाजू एकाच वेळी दिसतात. म्हणजे निरपेक्ष सत्य आहे, ते पूर्ण पाहणारा ज्ञाताही आहे, मर्यादित आहे ते सामान्य माणसाचे वाक्य. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सापेक्षतावादाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितली जाते, पण ती सांगणाऱ्याला संपूर्ण हत्ती दिसलेला असतो, एवढे विसरले जाते.

‘स्यात्’ या शब्दाचे कामही इथे स्पष्ट होते. त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा घेतला की जैन संशयवादी वाटू लागतात, आणि शंकराचार्यांचा बाण बसतो. जैन तार्किकांच्या मते ‘स्यात्’ म्हणजे ‘अमुक एका अपेक्षेने’. सोलापुरी चादर सूत या द्रव्याच्या अपेक्षेने आहे, लोकर या द्रव्याच्या अपेक्षेने नाही. विणलेल्या रूपात आज आहे, काल मागावर चढण्यापूर्वी नव्हती. अपेक्षा बदलली म्हणून ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्हींत विरोध येत नाही. दोन्ही एकाच वेळी सांगायला गेले तर भाषा अपुरी पडते, म्हणून ‘अवक्तव्य’ हा तिसरा पर्याय. या तिघांच्या जुळण्या मिळून सात भंग होतात. एक नय खरा म्हणून बाकीचे सगळे खोटे ठरवणाऱ्या मताला ‘दुर्नय’ म्हणतात आणि त्याचे खंडन करताना जैन पंडित जराही हात आखडता घेत नाहीत. अनेकान्त म्हणजे ‘बौद्धिक अहिंसा’ ही व्याख्या आधुनिक काळात लोकप्रिय झाली. मध्ययुगीन ग्रंथांत मात्र तो प्रतिपक्षाला एकान्तवादी ठरवून नामोहरम करण्याचे शस्त्र म्हणूनही भरपूर वापरलेला दिसतो. आणि अनेकान्त स्वतःला लागू होतो का, या प्रश्नाला समंतभद्राने दिलेले उत्तर आहे : होतो. समग्र प्रमाणाच्या दृष्टीने तो अनेकान्त आहे, एखाद्या नयाच्या दृष्टीने एकान्तही.

या उत्तरात सापेक्षतावादाने शिकण्यासारखे काही आहे. कोणत्या अपेक्षेने हे एकदा सांगितले, की ते विधान सर्वांसाठी खरे किंवा सर्वांसाठी खोटे होते. ‘सोलापुरातून पाहता पंढरपूर पश्चिमेला आहे’ हे सोलापूरकराइतकेच सांगलीकरालाही मान्य करावे लागते. अल्बर्ट आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचे नाव घेऊन ‘सगळेच सापेक्ष’ म्हणणाऱ्यांची चूक इथेच आहे. त्या सिद्धान्तात काळ आणि लांबी निरीक्षकानुसार बदलतात, पण एका निरीक्षकाच्या मोजमापावरून दुसऱ्याचे कसे काढायचे याचे नियम सर्वांना एकच असतात, आणि प्रकाशाचा वेगही.

विसाव्या शतकात सत्याच्या सापेक्षतेला सर्वांत मोठे बळ थॉमस कून यांच्या 1962 च्या वैज्ञानिक क्रांत्यांवरील ग्रंथाने मिळाले. क्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे शास्त्रज्ञ एका अर्थाने निराळ्या जगांत वावरतात, त्यांच्या मोजपट्ट्याच जुळत नाहीत, असा त्यातला सूर. कून यांना स्वतःला सापेक्षतावादी म्हणवून घेणे आवडत नसे, आणि 1969 च्या पुरवणीत त्यांनी तसे लिहिले. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी 1974 मध्ये या कल्पनेच्या मुळावर घाव घातला. दोन विचारचौकटी पूर्णपणे परस्परविसंगत आहेत हे कळायलाच दोन्ही समजाव्या लागतात, आणि समजणे म्हणजे बहुतांशी सहमत असणे. तेलुगू विणकर आणि त्याचा मराठी शेजारी भाचीच्या लग्नावरून वाद घालू शकतात, कारण भाची म्हणजे कोण, लग्न म्हणजे काय, मुलीचे हित कशात, हे दोघांनाही ठाऊक असते. ज्यांचे काहीच जुळत नाही त्यांच्यात मतभेदही होत नाहीत. सत्याच्या बाबतीत डेव्हिडसन यांचे हे उत्तर निर्णायक नसले तरी सापेक्षतावादाची जहाल आवृत्ती त्यातून सावरलेली दिसत नाही.

मूल्यांचे प्रकरण अधिक कठीण. तिथे सापेक्षतावादाच्या बाजूला नुसता तर्क नाही, एक सद्‌हेतूही आहे, आणि तो 1947 या वर्षी दोन ठिकाणी एकाच वेळी कसोटीला लागला. संयुक्त राष्ट्रसंघ मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करत असताना अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने एक निवेदन पाठवले. त्याचे मुख्य लेखक मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स. मूल्ये ज्या संस्कृतीत रुजतात तिच्याशीच सापेक्ष असतात. म्हणून एका संस्कृतीच्या नीतीतून काढलेला जाहीरनामा साऱ्या मानवजातीला लावता येणार नाही, असा त्याचा आशय होता. हेतू वसाहतवादाला विरोध करण्याचा होता, हे विसरून चालणार नाही. ‘आम्ही तुम्हाला सुधारतो’ म्हणत ज्यांनी जग पादाक्रांत केले त्यांच्या सार्वत्रिक नीतीवर अविश्वास दाखवण्याला सबळ कारण होते. ब्रिटिश काळात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सोलापुरातल्या वसाहतीभोवतालचे तारेचे कुंपणही अशाच सुधारणेच्या नावाने उभे होते.

त्याच वर्षी 1 मे रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले. त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता. उपोषण सुमारे दहा दिवसांनी सुटले, आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. हर्स्कोव्हिट्स यांचे माप पंढरपूरला लावले तर काय होते? देवळाची रीत शतकांची होती, बडवे पुजाऱ्यांना आणि हजारो भाविकांना ती पवित्र वाटत होती. ज्या संस्कृतीतले मूल्य तिनेच ठरवावे, असे म्हटले तर दरवाजा बंद ठेवणे योग्य आणि गुरुजी चूक. सापेक्षतावादाविरुद्धचा हा नेहमीचा आक्षेप आहे : समाजाची मान्य रीत हेच योग्यतेचे माप असेल, तर प्रत्येक सुधारक त्याच्या काळी व्याख्येनेच चुकीचा ठरतो, आणि ‘सुधारणा’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

आक्षेप बरोबर आहे, पण पंढरपूर त्याहून खोलवर नेते. ती ‘संस्कृती’ म्हणजे नेमके कोण? मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची समाधी त्याच देवळाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चौदाव्या शतकापासून आहे. देवळाचा उंबरा ओलांडू न दिलेल्या या संताचे अभंग वारकरी कीर्तनांत गायले जात होते आणि बाहेर ठेवण्याविषयीची त्यांतली तक्रार देवापुढेच मांडली जात होती. बडवे आणि चोखोबा, दोघेही त्याच परंपरेचे. बौधायनाने नोंदवलेला पक्ष आणि गौतम होते तसेच. सापेक्षतावादाला संस्कृती नावाची सीमारेषा असलेली, एका आवाजात बोलणारी वस्तू लागते, आणि अशी वस्तू शोधायला गेले की सापडतो तो ज्याच्या हातात किल्ल्या आहेत अशा गटाचा आवाज. परकीयांच्या दडपशाहीपासून संस्कृतीला वाचवायला निघालेला विचार आतल्या दडपशाहीसमोर निःशस्त्र होतो, तो यामुळे. गुरुजींनी आधार घेतला तो पाश्चात्त्य जाहीरनाम्याचा नव्हताच. तो अजून लिहून व्हायचा होता. जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 ला संमत झाला. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने 1999 मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने नवा जाहीरनामा स्वीकारून जुनी भूमिका सोडली.

सहिष्णुतेचा युक्तिवादही इथेच लंगडतो. मूल्ये सापेक्ष आहेत म्हणून इतरांच्या रीतींचा आदर करावा, या वाक्यातला ‘करावा’ सर्वांना उद्देशून आहे. म्हणजे एक मूल्य तरी सार्वत्रिक मानले. बर्नार्ड विल्यम्स यांनी 1972 मध्ये या विसंगतीवर कडक शब्दांत बोट ठेवले. ज्या समाजाचे मूल्यच असहिष्णुता आहे त्याला सापेक्षतावादी काय सांगणार? गिल्बर्ट हार्मन यांच्यासारख्या सावध समर्थकाने 1975 मध्ये यातून वाट काढली. नैतिक बंधन म्हणजे लोकांमधल्या न बोललेल्या कराराचा परिणाम, आणि त्या करारात नसलेल्याला ‘तू असे करायला नको होतेस’ म्हणणे निरर्थक. त्याला विरोध करता येतो, दोष देता येत नाही. ही भूमिका सुसंगत आहे. मात्र देवळाबाहेर उभ्या असलेल्यांना कोणत्या करारात धरायचे, हे तिला सांगता येत नाही.

सापेक्षतावाद नाकारला म्हणजे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, असेही नाही. आयझाया बर्लिन यांचा मूल्यबहुत्ववाद मध्ये उभा आहे : मानवी मूल्ये खरी आहेत, सर्वांना समजण्यासारखी आहेत, पण अनेक आहेत आणि ती एकमेकांशी झगडतात. सल्लेखना या जैन व्रताविषयीचा वाद हे याचे जवळचे उदाहरण. सोलापूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नपाणी क्रमाने सोडून देह ठेवला. दिगंबर जैन समाजात ते मरण आदर्श मानले जाते. राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी सल्लेखना अथवा संथारा हा आत्महत्येचा प्रकार ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या 31 तारखेला त्या निर्णयाला स्थगिती दिली. सापेक्षतावाद्याचे उत्तर तयार असते : जैनांसाठी योग्य, इतरांसाठी अयोग्य. हे उत्तर विचार जिथे सुरू व्हायला हवा तिथेच थांबते. जीविताची किंमत, व्रताची निष्ठा, स्वतःच्या अखेरीविषयी स्वतः ठरवण्याचा अधिकार, ही तिन्ही मूल्ये जैनेतरालाही कळतात. कोणाला झुकते माप द्यायचे, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण एखाद्या वृद्धेने व्रत स्वेच्छेने घेतले की घरच्यांच्या दबावाने, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर धर्मागणिक बदलत नाही.

राजस्थानच्या खटल्यात जैन बाजूचा एक युक्तिवाद घटनेच्या कलम 25 वर, म्हणजे आपल्या धर्माच्या आचारावर उभा होता, आणि तो उच्च न्यायालयाला पटला नाही. 9 मार्च 2018 रोजी एका निराळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असाध्य रोग्याचे उपचार थांबवण्याला आणि त्याविषयी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, असे त्या वेळी पीठाने मानले. आधार कोणत्याही एका धर्माच्या रूढीचा नव्हता, प्रत्येक व्यक्तीला लागू असलेल्या कलम 21 चा होता.